कोवळ्या वयाचा धर्मनिर्णय

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आणि त्याच्या दक्षिणेस हर्णै अशी दोन जुनी बंदरे आहेत. या दोहोंच्या मध्ये, भारजा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, केळशी हे गाव आहे. गावात महालक्ष्मीचे देवालय आहे, आणि याकूबबाबांचा दर्गाही आहे. दोहोंचा मान पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला आहे. असल्या गावाची शांतता आम्हां कोकणातल्या माणसांना इतकी अंगवळणी पडलेली असते की, ती कोणत्या पायावर उभी आहे याचा विचार सहसा मनात येत नाही. तो पाया असा : ज्याचा देव त्याला जन्माबरोबर मिळतो, आणि जो तो आपापल्या दारी आपला देव पुजतो. शेजाऱ्याच्या देवास हात जोडावयास कोणाचीच हरकत नसते. हरकत येते ती घरातल्याच एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने, ‘मला हे पटत नाही’, असे म्हटल्यावर. मग देवळातल्या आणि दर्ग्यातल्या वडीलमंडळींचे एकाएकी एकमत होते!

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले उपदेशक १८२३ मध्ये बाणकोटास आले, आणि बाणकोट व हर्णै ही त्यांची ठाणी झाली. जॉन विल्सन १८२९ मध्ये हिंदुस्थानात उतरले तेव्हा त्यांनीही मराठीचे धडे याच किनाऱ्यावर गिरविले. पुढे मिशनचे ठाणे मुंबई-पुण्याकडे हलले, आणि आमचा किनारा पुन्हा पूर्ववत् झाला. परंतु येथे मराठी शिकलेल्या या विल्सनसाहेबांच्या मुंबईतील शाळेने दहा वर्षांच्या आत जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर आम्ही अद्याप नीटसे दिलेले नाही.

१८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचे वय सोळा-सतरा. पारशी समाजात एकच खळबळ उडाली. मुलगा अज्ञान असून त्यास मिशनऱ्यांनी अडकवून ठेविले आहे, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने त्याला जाणत्या वयाचा ठरवून जिकडे जावयाचे तिकडे जाण्यास मोकळे केले, आणि तो विल्सनसाहेबांकडे परत गेला. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहू लागला होता. हा मुलगा अवघा बारा वर्षांच्या सुमाराचा. पुन्हा कोर्ट, पुन्हा तोच वाद. पण या वेळी मुलगा लहान म्हणून त्यास वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले.

दोन्ही निकाल आम्हांस कायद्याच्या दृष्टीने योग्य वाटतात. बारा वर्षांच्या मुलाने आईबापांपासून कायमचे तुटावे की नाही, हे त्याच्या एकट्याच्या शब्दावर सोडणारा न्यायाधीश आम्हांस नको आहे. पण कायद्यास कोठे तरी रेघ ओढावी लागते, म्हणून मनाची जागृतीही त्याच रेघेवर होते असे नाही. सोळाव्या वर्षी जे धैर्य ठरते ते बाराव्या वर्षी केवळ फूस कसे ठरावे? आमच्याकडे ध्रुव आणि प्रल्हाद यांच्या कथा आजी नातवंडांना सांगत आल्या आहेत. प्रल्हादाने बापाचे दैवत झुगारले म्हणून आम्ही त्याची पूजा करितो. मात्र आपल्या घरात प्रल्हाद निपजावा, असे कोणत्या गृहस्थास वाटते? हा विसंगतपणा आम्ही मान्य केला पाहिजे. बालवयातील श्रद्धा आम्हांस आपल्या बाजूची असेल तेव्हा दैवी वाटते, दुसऱ्या बाजूची असेल तेव्हा ती कोणी तरी शिकविलेली वाटते.

यावर एक आक्षेप येतो, व तो हलका नाही. राज्य इंग्रजांचे, कोर्ट इंग्रजांचे, शाळा व पुस्तके मिशनची. मग राज्यकर्त्यांच्या धर्मात जाण्यास धैर्य ते कसले लागावे? प्रवाहाबरोबर पोहणाऱ्यास कोणी शूर म्हणत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. लाभासाठी किंवा दुष्काळात पोटासाठी धर्म बदलल्याची उदाहरणे घडली, आणि पोटासाठी बदलणाऱ्यास आम्ही दोषही देणार नाही. पण तो प्रश्न निराळा. सुखवस्तू घरातल्या मुलास मात्र राज्याचा प्रवाह कोर्टाच्या पायरीपर्यंतच साथ देत असे. शिपाई त्याच्या अंगाला हात लागू देत नसे, एवढेच. घरच्या पंक्तीत त्याचे पान मांडण्याचा हुकूम कोणत्याही कोर्टास देता येत नव्हता. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क राखला. पण जिवंत मुलाचे घटश्राद्ध घालणाऱ्या घरापुढे तो कायदा निरुपाय होता. आई हयात असताना आईवाचून राहणे हे राज्यकर्त्यांच्या आश्रयाने हलके होणारे दुःख नव्हे.

आणि त्याच काळी दुसराही मार्ग मोकळा होता, हे विसरता कामा नये. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मानावयाचा नाही हे तिचे ब्रीद. सभासद होताना ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे. पण हे सर्व बंद दाराआड. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली, आणि सभा विरून गेली. त्या सभासदांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्यांतील कित्येकांनी नंतर मोठी कामे केली. परंतु याच सभेशी संबंध आलेला बेळगावचा कासार जातीचा एक तरुण, बाबा पद्मनजी, यास हा बंद दाराआडचा पाव पुरेसा वाटला नाही. पुष्कळ घालमेलीनंतर १८५४ मध्ये त्याने उघडपणे बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्याने ती घालमेल लपविलेली नाही. आम्हांस त्या पुस्तकात निश्चयाच्या भागापेक्षा चालढकलीचा भागच अधिक मोलाचा वाटतो. ज्याला भीती वाटलीच नाही त्याच्या धैर्याविषयी बोलण्यासारखे फारसे नसते.

येथवर तरुणांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. जो उडी घेतो तो आपली किंमत आपण देतो. पण त्याच्या उडीची किंमत ज्यांस न विचारता द्यावी लागते, त्यांचे काय? याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ते तेव्हा तेहतिशीत होते, म्हणजे कोवळे नव्हते. लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या, पदरी लहान मुलगा. त्यांस कोणी विचारले नव्हते. नवरा जिवंत असून संसार मोडला, आणि त्या दुःखात मन स्थिर ठेवून त्यांनी दिवस काढले. पुढे पतीच्या गावी येऊनही त्यांनी आपले सोवळे व आपली चूल वेगळी राखली. मग एके दिवशी, कोणाच्या आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाने केलेला आहे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे सर्व ठाऊकच आहे. दोघांत अधिक धैर्य कोणाचे असे आम्हांस कोणी विचारिले, तर आम्ही लक्ष्मीबाईंचे नाव घेऊ. पतीच्या मागून निमूटपणे जाणे सोपे होते. माहेरच्या माणसांत राहून त्यास शिव्याशाप देणेही सोपे होते. त्या स्वतःस पटेपर्यंत थांबल्या.

सरकारने या प्रश्नावर १८६६ मध्ये एक कायदा केला होता : धर्मांतर केलेल्या माणसाबरोबर नांदण्यास जोडीदार तयार नसेल तर विवाह मोडता येई. कायद्यास याहून अधिक काय करता आले असते, हे आम्हांस सुचत नाही. पण पाच वर्षे वाट पाहणाऱ्या बाईसाठी त्यात काही तरतूद नव्हती, हेही दिसते.

उडी घेतल्यानंतरचे धैर्य तर क्वचितच कोणाच्या नजरेस येते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, इंग्लंडात वाँटेज येथे दीक्षा घेतली. परका देश, कडेवर लहान मुलगी, आश्रय सर्वस्वी तेथल्या भगिनीसंघाचा. असे असता चर्चने सांगितलेली प्रत्येक गोष्ट डोळे मिटून मान्य करावी, ही अपेक्षा त्यांनी स्वच्छ शब्दांत नाकारली. जे तत्त्व आपल्या विवेकास पटत नाही ते मानणार नाही, असे त्यांनी आपल्या आश्रयदात्यांनाच लिहून कळविले. मांसाहार तर शेवटपर्यंत स्वीकारला नाही. शास्त्र्यांपुढे न वाकलेली मान बिशपांपुढेही वाकली नाही. नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा आपला निराळा मार्ग धरला. आमच्या मते या दोघांच्या पहिल्या निर्णयाचा खरेपणा या दुसऱ्या निर्णयाने सिद्ध होतो. एका मालकास सोडून दुसऱ्याचे दास झालेल्या माणसास धनी बदलला एवढेच म्हणता येईल.

हे धैर्य ख्रिस्ती धर्माचेच आहे, असा आमचा दावा नाही. रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या, आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्वे केळशीच्या दक्षिणेस असलेल्या मुरुडचे. तेथे गावाने बहिष्कार घातला. आणि तो ज्यांनी विवाह केला नव्हता अशा घरच्या माणसांसही सोसावा लागला. हर्णैच्या किनाऱ्यावर पादऱ्यांनी जे सत्तर वर्षांपूर्वी सांगून पाहिले त्याने मुरुड हलले नव्हते; घरच्याच मुलाच्या एका लग्नाने हलले.

श्रीपत शेषाद्रीची हकीकत अर्धीच राहिली आहे. वडिलांच्या स्वाधीन झाल्यावर त्यास जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा वाद माजला. कारण तो ख्रिस्त्यांच्या घरी राहून जेवला होता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, तेव्हा तिशीच्याच आसपासचे, प्रायश्चित्त देऊन मुलास परत घेतले पाहिजे या बाजूने उभे राहिले. त्यापायी सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. मुलास बोलावणाऱ्यांचे धैर्य आणि परत घेणाऱ्याचे धैर्य अशी दोन्ही येथे एकाच अंगणात दिसतात. थोरला भाऊ रेव्हरंड नारायण शेषाद्री म्हणून पुढे प्रसिद्धीस आला. जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवून त्याने अस्पृश्य मानलेल्या लोकांत आयुष्य घालविले. धाकट्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आजही आढळते, पण एका माणसाचे म्हणून नव्हे. ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’, असे.