चित्रतुरग आणि पट्टा : पूर्वनिश्चित विजयाच्या सत्यतेचा प्रश्न

मराठीत ‘नुरा कुस्ती’ हा शब्दप्रयोग निंदाव्यंजक आहे. दोन मल्लांनी आतून संगनमत करून लढतीचा देखावा करावा आणि मैदानाभोवती बसलेल्या प्रेक्षकाने ती खरी मानावी, या व्यवहारातील दोष उघड आहे. येथे वचन एका गोष्टीचे दिले जाते आणि पदरात दुसरीच टाकली जाते. परंतु निकाल पूर्वनिश्चित असणे आणि प्रेक्षकाची फसवणूक होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या संदर्भात हा प्रश्न वेगळे रूप धारण करतो. तेथे जय-पराजय आयोजक आधी ठरवतात आणि मल्ल परस्परांचे शरीर सांभाळून तो रंगवतात. हा संकेत दीर्घकाळ झाकून ठेवला गेला होता. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने आपला खेळ हे मनोरंजन असल्याचे मान्य केले. आजचा प्रेक्षक हे जाणूनच आसनस्थ होतो. अशा लढतींतून बहाल होणाऱ्या अजिंक्यपदाला इतिहास असू शकतो काय, आणि असल्यास तो इतिहास खोटा ठरू शकतो काय? स्त्रियांच्या अजिंक्यपदाची वाटचाल या प्रश्नाची कसोटी पाहण्यास विशेष उपयुक्त आहे.

या खेळाचे सर्वांत ख्यातनाम विवेचन रोलाँ बार्त याचे. ‘मिथॉलॉजी’ (१९५७) या ग्रंथाच्या आरंभीच्या निबंधात त्याने कुस्तीला क्रीडेच्या कक्षेतून काढून प्रेक्षणीय प्रयोगाच्या कक्षेत नेले. मुष्टियुद्ध कालक्रमाने उलगडणारी कथा असते, तर कुस्तीत प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण चिन्ह म्हणून वाचला जातो, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. एकेका लढतीपुरता तो निर्णायक ठरतो. मात्र अजिंक्यपद या संस्थेकडे पाहता त्याची मर्यादा जाणवू लागते. पट्टा क्षणात मावत नाही. तो कोणाकडून आला, किती काळ कोणाकडे राहिला, कोणी तो राखण्यासाठी किती वेळा झुंज दिली, यांवरच त्याचे मोल अवलंबून असते. म्हणजे बार्तने कुस्तीतून वगळलेला काळ अजिंक्यपदाच्या रूपाने पुन्हा आत येतो, आणि काळाबरोबर स्मृतीची जबाबदारीही येते.

प्रयोगातील सत्यासत्याचा प्रश्न संस्कृत काव्यशास्त्राने अधिक सूक्ष्मपणे हाताळला आहे. अभिनवगुप्ताने नोंदविलेल्या शंकुकाच्या मतानुसार नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती ही चित्रातल्या घोड्याच्या प्रतीतीसारखी असते. ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. चित्रतुरगाला खोटा घोडा म्हणणे हा जसा प्रमाद, तसाच रंगविलेल्या विजयाला खोटा विजय म्हणणे हाही. प्रेक्षक आणि प्रयोक्ते यांच्यात संकेत सामायिक असेल, तर ती फसवणूक उरत नाही. येथवर नैतिक आक्षेपाचे निराकरण होते. पण चित्र कोणी काढले, कधी काढले, ते कोणाच्या घरी होते, हे प्रश्न चित्रतुरगाच्या कोटीतले नाहीत. त्यांची उत्तरे खरी किंवा खोटीच असतात.

‘ही विजेती आहे’ ही घोषणा आधीच अस्तित्वात असलेल्या वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, जे. एल. ऑस्टिनच्या परिभाषेत ती कृतिरूप उच्चाराच्या जातीची आहे. ती केली गेली म्हणजे एक वस्तुस्थिती निर्माण होते. लढत रंगविलेली असली तरी घोषणा झाली होती की नव्हती, हे रंगविलेले नसते. म्हणूनच तिच्याविषयी असत्य बोलणे शक्य होते.

२० ऑगस्ट १९५४ रोजी अटलांटा येथे मिल्ड्रेड बर्क आणि जून बायर्स यांच्यात झालेली लढत या दृष्टीने बोलकी आहे. १९३० च्या दशकापासून विजेती म्हणून मिरविणाऱ्या बर्कचा तिचा पूर्वाश्रमीचा पती आणि आयोजक बिली वूल्फ याच्याशी उघड संघर्ष चालला होता. बायर्स ही वूल्फची सून. तीन चितपटींपैकी दोन जिंकण्याची अट असलेली ही लढत पूर्वनिश्चित नव्हती. पहिली चितपट बायर्सने केली. दुसरीचा निकाल लागण्यापूर्वीच लढत थांबविण्यात आली. एकच चितपट झाल्याने आपण हरलो नाही, ही बर्कची भूमिका. अजिंक्यपदाचा मान मात्र बायर्सकडे गेला. बर्कने आपली स्वतंत्र संघटना उभारली आणि तिचे अजिंक्यपद पुढे जपानमध्ये अनेक दशके प्रतिष्ठा पावले. विपर्यास असा की, या इतिहासातील जी लढत खरी होती, तिचाच निकाल सर्वाधिक अनिश्चित राहिला. खरेपणा हा पदाचा आधार असता तर असे घडते ना. पदाचा आधार मान्यता हा आहे, आणि मान्यता ज्यांच्या हाती, इतिहासही त्यांच्या हाती.

१९५६ मध्ये बाल्टिमोर येथे अजिंक्यपद मिळविणाऱ्या फॅब्युलस मूला हिच्या संदर्भात या सत्तेचे रूप स्पष्ट होते. २३ जुलै १९८४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेंडी रिक्टरने तिला हरविले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची अखंड कारकीर्द संपल्याचे जाहीर झाले. वस्तुतः ती कारकीर्द अखंड नव्हती. १९६६ मध्ये बेटी बाउचर, १९६८ मध्ये युकिको तोमोए, १९७६ मध्ये स्यू ग्रीन आणि १९७८ मध्ये एव्हलिन स्टीव्हन्स यांनी ते पद अल्पकाळ का होईना धारण केले होते. अधिकृत कथनाने ही चार नावे गाळली. हे पराभव रंगविलेलेच होते, मग ते गाळल्याने बिघडले काय, असा युक्तिवाद संभवतो. पण तो टिकत नाही. पूर्वनिश्चित लढतीत जिंकण्यापेक्षा हरणे ही मोठी कृती असते, कारण हरणारी आपल्या देहाने समोरचीला विजेती करते. ती चार नावे पुसली गेली तेव्हा चौघींचा मान गेलाच, शिवाय मूलाने त्यांच्यासाठी पत्करलेली हारही पुसली गेली. कल्पिताच्या आत असत्य नव्हते. कल्पिताविषयी असत्य सांगितले गेले.

रिक्टरच्या वाट्याला त्याहून उग्र अनुभव आला. २५ नोव्हेंबर १९८५ रोजी त्याच गार्डनमध्ये ‘स्पायडर लेडी’ हा मुखवटा घालून मूलाच तिच्यासमोर उतरली. रिक्टरने खांदा उचलला असूनही पंचाने मोजणी पुरी केली. आपल्याला या योजनेची कल्पना नव्हती, असे रिक्टरने पुढे सांगितले. येथे ‘नुरा’ या शब्दातील निंदा प्रथमच सार्थ होते. मात्र वंचना प्रेक्षकाची नसून सहप्रयोक्तीची आहे. देह विश्वासाने दुसरीच्या हाती सोपवायचा, हाच ज्या कलेचा पाया, तिच्यात तो विश्वास मोडणे हे केवळ पदाचे हस्तांतर राहत नाही.

या पार्श्वभूमीवर दूरचित्रवाणीच्या बड्या कंपन्यांबाहेरील, ‘स्वतंत्र’ म्हणविणाऱ्या छोट्या मंडळांकडे पाहावे लागते. बड्या कंपनीत स्त्रियांची लढत काही मिनिटांत आटोपली जात होती, त्या काळात, २००५ मध्ये, शिकागोलगतच्या बर्विन येथे डेव्ह प्रेझॅक आणि स्वतः मल्ल असलेली ॲलिसन डेंजर यांनी ‘शिमर’ हे केवळ स्त्रियांच्या लढतींचे मंडळ सुरू केले. प्रारंभी येथे पट्टाच नव्हता. सुमारे दीड वर्षाच्या लढतींनंतर, जून २००७ मध्ये अनेक फेऱ्यांच्या स्पर्धेत लेसीला हरवून सारा डेल रे पहिली विजेती ठरली. एप्रिल २००८ मध्ये पद मिसचीफकडे आणि जवळजवळ दोन वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मॅडिसन ईगल्सकडे गेले. लढती चित्रित होऊन क्रमांकित खंडांच्या रूपाने विकल्या जात. दोन-तीनशेंची वस्ती असलेल्या सभागृहातील पदाला जे वजन आले, ते या मंदगतीमुळे आणि या नोंदीमुळे. प्रत्येक हस्तांतर कोणालाही पुन्हा पाहता येत होते. ते सोयीनुसार गाळणे सोपे राहिले नव्हते.

याचा अर्थ स्वातंत्र्य म्हणजे निष्पापता असा नव्हे. येथेही निकाल आयोजकच ठरवीत होते. मंडळ लहान असल्याने सत्ता नाहीशी होत नाही. ती केवळ अधिक जवळून दिसते. शिवाय डेल रेसारखी मल्ल २०१२ मध्ये बड्या कंपनीत प्रशिक्षिका म्हणून गेली, यावरून दोन जगांतील सीमा किती सच्छिद्र आहे हेही ध्यानात यावे. तरीही एक भेद उरतो. एका परंपरेत पदाचा इतिहास पदाच्या मालकाची मिळकत होता. दुसरीत तो साक्षीदारांच्या हाती पोचला.

रंगविलेल्या विजयाचे सत्य विजयात नसते, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. ते कोणी कोणासाठी हार पत्करली, याच्या प्रामाणिक नोंदीत असते. कल्पिताला सत्याचे बंधन नाही, असे साहित्यविचारात वारंवार म्हटले जाते. कल्पित घडविणाऱ्या माणसांना मात्र नाव आहे, श्रम आहे, दुखरे खांदे आहेत. बेटी बाउचर १९६६ मध्ये विजेती होती. हे वाक्य कल्पिताविषयीचे आहे, पण ते कल्पित नाही.