थांबायचं कुणी?

मोबाइलवर एखादा खोचक मेसेज येतो. तो वाचून व्हायच्या आत अंगठे उत्तर टाइप करायला लागलेले असतात. आधी राग येतो की आधी उत्तर, हेही सांगता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक इवलीशी फट असते. स्टोइक तत्त्वज्ञांचं सगळं लक्ष या फटीवर होतं.

एपिक्टेटस हा गुलामगिरीतून सुटलेला माणूस. तो सांगायचा की, काही घडलं की मनात लगेच एक समज उमटते, 'यानं माझा अपमान केला.' ही समज म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. तिला दाराशीच थांबवा, तिची चौकशी करा, मग आत घ्यायचं की नाही ते ठरवा. सेनेकानं तर रागावर तीन भागांचा ग्रंथच लिहिला. विलंबासारखं रागावर दुसरं औषध नाही, असं तो म्हणतो. प्लुटार्कनं सांगितलेली एक गोष्ट आणखी व्यवहारी आहे. अथेनोडोरस नावाच्या तत्त्वज्ञानं निरोप घेताना सम्राट ऑगस्टसला सल्ला दिला की, राग आला तर २४ मुळाक्षरं मनातल्या मनात म्हणा आणि मगच काय ते बोला किंवा करा.

ज्यू परंपरेतही अशा छोट्या थांब्यांची सवय लावलेली आहे. भाकरीचा पहिला घास घेताना, वीज चमकली की, इंद्रधनुष्य दिसलं की दोन ओळींची प्रार्थना. दिवसाला अशा १०० प्रार्थना म्हणाव्यात, असं तालमूद सांगतो. पण तिथला मोठा थांबा म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दिवे लावायचे आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. निषिद्ध कामांचे ३९ प्रकार सांगितले आहेत. पेरणं, दळणं, शिवणं, विस्तव पेटवणं, लिहिणं, इतकंच काय, लिहिलेलं पुसणंसुद्धा. मात्र कुणाचा जीव वाचवायचा असेल, तर हे नियम मोडायचेच.

हे चित्र आपल्याला अगदीच परकं नाही. कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून आसपासच्या लोकांनी त्यांना नाव दिलं, 'शनवार तेली'. एरवी जात ओळखली जायची ती कामावरून. या लोकांच्या नावात कामाच्या जोडीला त्यांची विश्रांतीही आली.

गंमत म्हणजे रागाला थांबायला लावणाऱ्या सेनेकाला शब्बाथ मुळीच पटत नव्हता. त्याचं मत संत ऑगस्टीननं नोंदवून ठेवलं आहे. दर सातवा दिवस रिकामा घालवून हे लोक आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा वाया घालवतात, असं ते मत. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. सेनेकाचं थांबणं पुढची कृती नीट व्हावी यासाठी आहे. नुसतं थांबणं त्याच्या हिशेबात बसत नाही.

त्याच ग्रंथात तो प्लेटोची एक गोष्ट कौतुकानं सांगतो. गुलामावर हात उगारल्यावर आपण रागात आहोत हे प्लेटोच्या ध्यानात आलं आणि तो हात तसाच वर धरून उभा राहिला. आणखी एकदा असाच प्रसंग आला, तेव्हा त्यानं स्प्युसिपसला सांगितलं की, मी रागात आहे, तेव्हा या गुलामाला तूच फटके दे.

इथे जरा थांबू या. प्लेटोचं मन शुद्ध राहिलं, हे खरं. पण गुलामाचं काय? त्याच्या पाठीवर वळ उठायचे ते उठणारच, फक्त ते शांत डोक्यानं उठणार. गुलामही माणसंच आहेत हे सेनेकानं दुसरीकडे आवर्जून लिहिलं आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही या गोष्टीत थांबला तो मालकाचा राग. मालकाची सत्ता तशीच चालू राहिली.

शब्बाथची आज्ञा नेमकी इथे वेगळी पडते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात ती फक्त घरच्या धन्याला उद्देशून नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारात आलेला परका, या सगळ्यांनी थांबायचं. कारणही दिलं आहे की, तुम्ही स्वतः मिसरमध्ये गुलाम होता, ते आठवा. दास ठेवण्याची प्रथा तिथेही होतीच. पण निदान एक दिवस धन्याच्या हुकमालाच सुट्टी होती.

मुंबईच्या गिरणी कामगारांना हे वेगळ्या वाटेनं कळलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं झालेल्या लढ्यानंतर १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. श्वासावर लक्ष देऊन ती मिळाली नसती.

म्हणून स्टोइकांना टाकून द्यायचं का? नाही. मंगळवारी दुपारी साहेबाचा मेल वाचून डोकं फिरतं, तेव्हा शनिवार कामाला येत नाही, ती २४ अक्षरंच येतात. पण आपण ज्याला मन शांत ठेवणं म्हणतो, ते बरेचदा फक्त आपल्यापुरतं असतं. ॲपवर ध्यान करता करता दहा मिनिटांत येणारं दूध मागवता येतं, आणि ते आणणारा मुलगा सिग्नलला थांबायलाही कचरतो. उशीर झाला म्हणून त्याच्यावर न ओरडणं, हे स्टोइकांनी शिकवलं. ते दूध सकाळी आलं तरी चालेल, हे ठरवणं त्याच्या पुढचं आहे. तेवढं ठरवलं, तर आपल्याबरोबर आणखी एक माणूस थांबेल.