फळ सतत डोळ्यांसमोर असताना

भवानी पेठेतल्या आमच्या हार्डवेअरच्या पेढीचे हिशेब मी सांभाळतो. संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक्सेलची छोटी चौकट कायम उघडी असते: आजची विक्री, थकलेली उधारी, बँकेतली शिल्लक. त्यासाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागला नाही. त्याच संगणकावरची टॅली ही हिशेबाची प्रणाली ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून ओडीबीसी जोडणीने एक्सेलला आकडे थेट देते.

सोय मोठी आहे. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक कर्मावर अधिकार देतो, फळावर नाही. मग फळाचा आकडा दिवसभर समोर ठेवणाऱ्याने काय करावे?

मला वाटते, फळ पाहण्याला गीतेची हरकत नाही. फळासाठीच कर्म करण्याला आहे. उधारी वाढलेली पाहून मी गिऱ्हाइकाला फोन करतो, ते माझे कर्तव्यच. पण विक्री कमी दिसली म्हणून सुताराच्या गळ्यात नको असलेल्या महागड्या बिजागऱ्या मारल्या, तर आकडा माझा मालक झाला. शिवाय चौकटीत उधारीचा फक्त आकडा दिसतो. त्यामागचे गिऱ्हाइकाच्या घरातले आजारपण, अडलेले बांधकाम दिसत नाही. ते आपुलकीने विचारावे लागते.

म्हणून आकडा कामाला लावावा, मनाला लावून घेऊ नये. चौकट जरूर ठेवा. गिऱ्हाईक दारात आले की मात्र नजर त्याच्याकडे असू द्या.