घड्याळ मागे पडलेल्या यंत्रापाशी

विठ्ठला, रात्रीचे पावणेबारा झालेत. वाचनालयाचं पुढचं दार आतून लावून घेतलंय. छताचा पंखाही बंद केलाय, कारण त्याच्या घरघरीत कॅबिनेटमधला बारका पंखा फिरतोय की नाही ते कळत नाही. टेबलावर चहाची बशी आहे, तिच्यात चार स्क्रू. बाजूला एक शाळकरी खोडरबर आणि पोट उघडं टाकून पडलेला हा कॉम्प्युटर. समोरच्या कॅलेंडरवर तू आहेस, म्हणून तुझ्याशीच बोलतो. घरी फोन केला तर "झालं का?" एवढंच विचारतील.

झालं नाही. आज तिसरी रात्र.

थांबणं म्हणजे काय ते तुला मी काय सांगावं! पुंडलिकानं आईबापांचे पाय चेपता चेपता मागे वीट सरकवली, तू तिच्यावर उभा राहिलास तो अजून उभाच आहेस. माझ्यासमोरची निळी पट्टी सात मिनिटं हलली नाही तर माझं बोट बटणाकडे जातं. दोनदा तसं दाबून यंत्र झोपवलंही. ते आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

यंत्र तुझ्या ओळखीचं आहे. वाचनालयानं २००८ साली घेतलेलं, कोअर टू ड्युओ, एकेक जीबीच्या दोन रॅम. यावर विंडोज ७ होतं. त्याला १४ जानेवारी २०२० नंतर कंपनीकडून दुरुस्त्या मिळणं थांबलं. विंडोज ११ ला चार जीबी रॅम हवी, टीपीएम २.० हवं, ते याला उंबरठ्याच्या आतही घेत नाही. कार्यकारिणीत भंगारात देण्याचा ठराव येऊ घातला होता. मी हात वर करून म्हणालो, "डेबियन टाकतो. तासाभराचं काम." तो तासाभराचा शब्द माझ्या जिभेवर तू ठेवला नसणार, तेवढं मला कळतं.

पण रडगाण्याआधी उपकार मोजतो. १९९३ साली इयान मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्यानं हे काम सुरू केलं. मैत्रिणीचं नाव डेब्रा, आपलं इयान, दोन्ही जोडून डेबियन. तेव्हापासून जगभरचे लोक रात्री जागून हे शिवतात, उसवतात, पुन्हा शिवतात, आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या माणसाकडून एक पैसा मागत नाहीत. इन्स्टॉलर उघडल्यावर भाषांच्या यादीत मराठी दिसली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. कुणीतरी बसून एकेक वाक्य मराठीत आणलंय. त्या न पाहिलेल्या माणसांना सुखात ठेव. त्यांच्या तेराव्या आवृत्तीचं नाव 'ट्रिक्सी', सिनेमातल्या एका खेळण्यातल्या डायनासोरवरून. म्हाताऱ्या यंत्रात डायनासोर बसवायला निघालो होतो, हे आत्ता लक्षात येतंय.

आता अपराध ऐक.

पहिल्या रात्री काम मध्येच अडकलं. एकदा २३ टक्क्यांवर, एकदा ६१ वर, एकदा सुरू होता होताच. दरवेळी एकाच जागी अडकलं असतं तर पेनड्राइव्ह किंवा डिस्क बघायला हवी होती. जागा बदलते तेव्हा आधी रॅमवर संशय घ्यावा. हे मला ठाऊक होतं, चार लोकांना मी सांगितलेलंही आहे. तरी मी पेनड्राइव्हलाच दोष दिला आणि त्यावर इन्स्टॉलर नव्यानं लिहायला घेतला. हाताशी दुसरा पेनड्राइव्ह होता, तो उचलला. लिहून झाल्यावर आठवलं, पुस्तकांच्या यादीची प्रत त्याच्यावरच घेतली होती. आमच्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी जुन्या फाँटात, एकेक जोडाक्षर शोधत टाइप केलेली यादी. माझ्या पोटात खड्डा पडला.

तुझी कृपा अशी की इन्स्टॉलेशनसाठी मी नवी एसएसडी बसवली होती आणि जुनी १६० जीबीची हार्ड डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली होती. ते शहाणपण माझं नव्हे. एसएसडी विकणारा दुकानदार म्हणाला होता, "जुनीला हात लावू नका." त्याच्या गल्ल्यावर कृपादृष्टी असू दे.

दुसऱ्या रात्री अखेर रॅमकडे वळलो. दोन्ही काढल्या, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, फुंकर मारली आणि एकच परत लावली. आणि विठ्ठला, गाडी सरळ पुढे गेली! मूळ प्रणाली पूर्ण उतरली. मग नेटवरून बाकीचं सामान आणायची पायरी आली आणि तिथं लाल चौकट. जमलं नाही, एवढंच.

मी काय केलं? "म्हणजे रॅमचा दोष नव्हता," असं मोठ्यानं म्हणालो आणि काढलेली रॅम परत तिच्या जागी दाबून बसवली. दोन्ही खिट्ट्या टक्कन लागल्या. तो आवाज आता कानातून जात नाही.

कारण दुखणी दोन होती. एकावर इलाज झाला होता, पण दुसरं असल्यामुळे रोगी उठून बसला नाही, आणि मी लागू पडलेलं औषधच बंद केलं. माणसांच्या बाबतीत मी असं किती वेळा केलं असेल, याचा हिशेब आज नको. आज फक्त यंत्राचा.

ते दुसरं दुखणं तू मला काल रात्रीच दाखवलं होतंस. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबलं की इन्स्टॉलर आपल्या मनातलं सगळं बोलून दाखवतो. मी दाबलं, मोबाइलवर फोटो काढला आणि न वाचता घरी गेलो. फोटो काढला की वाचल्यासारखंच वाटतं, ही या काळाची खोड. आज तोच फोटो दोन बोटांनी मोठा केला. त्यात लिहिलं होतं की समोरची फाइल अजून लागू झालेली नाही, तिची तारीख पुढची आहे.

पुढची? मग डिलीटचं बटण दाबत बायोसमध्ये गेलो. वरच्या कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २००८. तीन रात्री याच पडद्यावर येऊन मी आधी पेनड्राइव्ह आणि मग डिस्क असा क्रम लावत होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो क्रम पुसलेला सापडला की यंत्राला शिव्या देत होतो. जाताना मीच भिंतीवरचं बटण बंद करत होतो. आत एक सेल असतो, सीआर २०३२, वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. माप त्याच्या नावातच आहे. वीज नसताना तो एका इवल्या स्फटिकाला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत ठेवतो, त्यावर घड्याळ चालतं. तो सेल मेलाय. म्हणून हे यंत्र रोज सकाळी जन्मवर्षात जागं होतं, आणि २०२५ साली सही झालेलं पाकीट समोर धरलं की म्हणतं, ही सही अजून झालेलीच नाही. त्याच्या जागी ते बरोबरच होतं. नेटवरून खरी वेळ विचारून घेण्याची पायरीही इन्स्टॉलरमध्ये असते. माझ्या फोनच्या जोडणीवर तिला उत्तर आलं नाही, आणि मी न वाचता 'पुढे' दाबलं होतं.

मग नऊच्या सुमाराला रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला. तो प्रत्येक घरात काहीतरी ठेवतो आणि परत मागतो. संशयित रॅमवर चौथ्या मिनिटाला पहिली लाल ओळ उमटली: काय ठेवलं होतं, काय परत आलं. फरक एका बिटचा. एका जीबीत सुमारे ८५९ कोटी बिट, त्यातला एखादा कधीमधी विसरतो, आणि तेवढ्यावर माझ्या तीन रात्री गेल्या. ती रॅम आता बशीत स्क्रूंशेजारी आहे.

विठ्ठला, मागणं थोडंच आहे. काढलेली गोष्ट परत बसवण्याआधी माझं मनगट धर. लाल चौकट आली की ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचायला लाव, भाषा कुठलीही असो. सभेत 'तासाभराचं काम' म्हणायला तोंड उघडलं तर ठसका लागू दे. रोज दुपारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येणारी ती पोरगी "काका, यादी कधी दिसणार?" असं विचारते, तिला उद्या खरं सांगायचं बळ दे: अजून दोन दिवस लागतील, आणि चूक माझी होती. शिवाय जुन्या फाँटातली यादी युनिकोडमध्ये आणायची आहेच. ते वेगळं प्रकरण, त्यासाठी वेगळा येईन.

आता बायोसमध्ये आजची तारीख हातानं घातली आहे. उरलेल्या एका रॅमवर मेमटेस्ट चालू आहे, पहिली फेरी निष्कलंक गेली. इन्स्टॉलेशन आत्ताच सुरू करावं असं हात शिवशिवतोय. पण रात्रभर फेऱ्या होऊ दे असं ठरवलंय, म्हणून कीबोर्ड उचलून पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. सेल सकाळी मिळेल, एसटी स्टँडसमोरचा घड्याळवाला दहाला उघडतो.

मी इथंच बाकावर आडवा होतो. आज भिंतीवरचं बटण चालूच ठेवतो, पण आमच्याकडे पहाटे लाइट जायची सवय आहे. तेवढी सांभाळ. ती गेली की हा पुन्हा २००८ मध्ये जाऊन बसेल.