बावखल कोणी उपसायचे?



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर काही जण बावखलाचा विषय घेऊन आले. जोराचा पाऊस झाला की पाणी आता बावखलात जात नाही, घरांच्या ओट्यावर चढते. उपसण्यासाठी वर्गणीची गोष्ट निघाली, तेव्हा एक काका म्हणाले, "फादर, मी त्यात एक घमेले मातीही टाकलेली नाही. मग पैसे मी का द्यावेत?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या वसईतील बावखले पावसाचे पाणी पोटात घेत, ते जमिनीत मुरवत आणि विहिरी गोड्या ठेवत. रहाटाने त्यांच्यावर वाड्या शिंपल्या जात. बावखल एका दिवसात मरत नाही. कुणी पाण्याची वाट भिंतीने अडवतो, कुणी डेब्रिज टाकतो, मग गाळ साचतो आणि वर जलपर्णी पसरते. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, तेव्हा अशा बुजलेल्या जागांची सर्वांना आठवण झाली.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की, भरपाईचे बंधन केवळ नुकसान करणाऱ्यावर नसते. ते रोखणे ज्याचे कर्तव्य होते आणि जो गप्प राहिला, त्याच्यावरही असते. मात्र हे बंधन सरसकट सर्वांवर नाही, असेही ते स्पष्ट करतात. म्हणून काकांना मी दोषी धरू शकत नाही. दोषी मी आहे. चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना कडेचा पाट बुजवायला संमती माझीच होती. गाड्या लावायला जागा झाली आणि पाण्याची वाट गेली.

पापनिवेदनाने क्षमा मिळते, पण मोडलेले दुरुस्त करणे उरतेच. जक्कयाने नुसते अश्रू ढाळले नाहीत, चौपट परत करण्याचे वचन दिले. बावखलाचेही तसेच आहे. पाण्याची वाट मोकळी न करता गाळ काढणे म्हणजे कारण न सोडता केलेला पश्चात्ताप. आधी पाट, मग गाळ, मग जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. जुन्या तळाखाली मात्र खणायचे नाही, नाहीतर खारे पाणी वर येईल. प्लास्टिक वेचून गाळ वाड्यांना घालता येईल.

आणि काका, न्यायाने तुमचे देणे कदाचित काहीच नसेल. पण तुमची विहीर इतकी वर्षे त्या बावखलावर भरली. ज्यांनी ते खणले, त्यांनी पुढे पाणी कोण पिणार हे विचारले नव्हते. हे देणे न्यायाचे नसेल, कृतज्ञतेचे आहे.

या आठवड्यात चर्चच्या बाजूचे ब्लॉक आम्ही उचलत आहोत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर फावडी, घमेली घेऊन या. काका, तुम्ही रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल. जुना पाट नेमका कुठून जात होता, हे तुम्हालाच ठाऊक आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू