ओहोटीचा किनारा

कोकणात समुद्र पाहायला जायचं म्हणजे वाळूवर जायचं, हे आता जणू ठरूनच गेलं आहे. लांबलचक पुळण, सूर्यास्त, भेळ, उंटावरची फेरी. यात वाईट काही नाही. पण या एकाच आवडीपायी बाकीचा किनारा आपल्याला दिसेनासा झाला आहे, आणि त्याची किंमत तोच मोजतो आहे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घ्या. देवळामागच्या पायऱ्या उतरून कातळावरून जाणारी ही वाट ओहोटीलाच चालता येते. लाटांनी कापलेला सपाट कातळ आणि वरच्या कड्याला पडलेली असंख्य भोकं. खाऱ्या पाण्यातलं मीठ दगडाच्या सांध्यांत साचतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणाने सुटतो. खालच्या डबक्यांत वाकून पाहावं. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे दिसतात, समुद्रफुलं दिसतात. स्पर्श झाला की ती अंग आकसून घेतात. ज्यांनी ही प्रदक्षिणा घालून दिली, त्यांना खडकाळ किनाऱ्यावर कधी जावं आणि कधी जाऊ नये, हे नेमकं ठाऊक होतं.

ही वेळ काढण्याचं गणितही कोकणात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत आत जातं, तेही पहाटे आणि संध्याकाळी. एवढं माहीत असलं तरी सहलीचं रूप बदलतं.

चिखलाच्या वाट्याला मात्र तेवढंही कौतुक आलेलं नाही. खाजण म्हणजे घाण, डास आणि भराव टाकायची जागा, हाच समज. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, २०१८ मध्ये ती कायम केली. तरी राडारोडा पडतोच, कारण तिथे पाहण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटतच नाही. पाणी ओसरल्यावर तिथे पाच मिनिटं गप्प उभं राहावं. डोक्यावर डोळे असलेल्या निवट्या परांवर रेटा देत चिखलातून चालतात, चिप्पीची श्वसनमुळं शेकड्यांनी वर आलेली असतात. ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात ते याच चिखलातलं अन्न खायला. त्यांच्यासाठी लोक ऐरोलीला होडीत बसतात. म्हणजे चिखलाचाही आनंद घेता येतो, हे सिद्धच आहे.

आणि वाळूवर तरी आपण खरं प्रेम करतो का? वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटतो, पुळणीवर जीप फिरवतो. वेळासला कासवाची मादी याच वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून अंडी घालते. चाकांखाली वाळू घट्ट झाली की पिल्लांना वर येणं जड जातं. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, पण प्रत्येक पुळणीवर पहारा बसवणं शक्य नाही. पर्यटकाची आवड बदलणं शक्य आहे, आणि किनाऱ्यावरची हॉटेलं, वाहनं, खेळ सगळे त्या आवडीमागेच येतात.

तेव्हा पुढच्या वेळी निघण्याआधी तिथी बघा. एक सकाळ कातळासाठी ठेवा, एक खाडीसाठी. डबक्यातलं काही उचलून आणू नका. आणि पुळणीवर जाल तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा.