पाहुण्याचे ताट

अब्राहामाने भर उन्हात तीन पांथस्थ पाहिले. तुम्ही कोण, असे न विचारिता त्याने पाय धुण्यास पाणी, मग भाकरी, वासरू व दूध पुढे ठेविले (उत्प. १८).

प्रिय बंधूंनो, मिठागरांच्या कडेने वाढलेल्या ह्या भाईंदर शहरात तुमच्याच खेड्यांतील मुलगे कामधंद्याकरिता उतरतात. त्यांजकरिता चार खाटा व एक चूल असावी, हे आमचे जुने स्वप्न. मंडळीच्या पंचांत सूचना आली की, जो उपासनेस येईल त्यासच जेवू घालावे. आम्हांसही ती रुचली होती. आता लाज वाटते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढिले, तेव्हा तेथील विधवांस आपापला आचार पाळण्याची मोकळीक ठेविली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व विधवा त्यांनी आणिल्या. बाईंनी स्वतः दुष्काळात उपास काढिले होते. भुकेल्यास आधी काय द्यावे, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून आमच्या चुलीपाशी वही राहील ती तांदळाच्या हिशेबाची. नाव विचारू, पण हाक मारण्याकरिता. उपदेशक बंधूंनो, घरोघरचे मूठभर धान्य जमले म्हणजे कळवावे. आणि गावचा मुलगा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, इकडे निघाला तर त्याजपाशी चिठ्ठी द्यावी.